दार कुणी उघडलं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. सगळी नोकरी बँकेत गेली, तीही सह्या जुळवायच्या टेबलावर. समोरचा माणूस कितीही गोड हसत उभा असो, आधी कार्डावरची सही बघायची, मग चेकवरची, मग त्याचं तोंड. रिटायर झाले तरी डोळ्यांची खोड गेली नाही. भाजीवाला म्हणाला, "ताई, आजच तोडलीय," की मी मेथीची जुडी उलटी करून देठ बघते. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी मूर्तीमागं कोण लपलंय का ते बघशील. बघीन की! त्यात काय चुकलं?

तर अशा बाईच्या नशिबी एक नाही, दोन इतिहासकार आले. एक नवरा. तो नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. आता स्टँडवरच्या पाटीवर नाव बदललंय, पण तोंडात नगरच बसलंय, म्हणून नगरच म्हणते. दुसरा माझा धाकटा भाऊ. पाथर्डी तालुक्यात आमचं गाव, तिथंच तो शाळामास्तर होता, आता शेती बघतो. तो शिकायला आमच्याकडंच राहिला, नवऱ्याच्याच वर्गात बसला, आणि इतिहासाचं वेड त्याला इथंच लागलं. शाळेत नोकरी लागली त्या दिवसापासून नवऱ्यानं त्याला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली आणि 'तू'चं 'तुम्ही' केलं. भाऊ मात्र 'दाजी'वरून कधी हलला नाही.

आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माहेर म्हणून जे काही उरलंय ते हा एवढा एक माणूस. भाऊबिजेला तो नव्या बाजरीची पिशवी घेऊन दारात उभा राहतो, मी त्याला ओवाळते, नवरा आणि तो जेवताना भांडतात, आणि मला वाटतं वर्ष नीट गेलं. मला दुसरं काही नको असतं. पण नेमकं तेवढंच गेल्या वर्षी जायची वेळ आली, आणि तीसुद्धा कशावरून? तर सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या एका भांडणावरून.

ते भांडण म्हणजे निजामशाहीतली यादवी. ऐकून ऐकून मला पाठ झालीय. सुलतान लढाईत पडला, गादीला जाणता वारस नाही, मग दरबारातल्या ज्यानं त्यानं आपापला मुलगा पुढं केला. एक मुलगा तर खरंच राजवंशातला की कुठून उचलून आणलेला, ह्यावरूनच तलवारी निघाल्या. दक्खनी सरदार एकीकडं, हबशी दुसरीकडं, बाहेरून आलेले परदेशी तिसरीकडं. शेवटी कोंडीत सापडलेल्या वजिरानं गुजरातेतल्या मोगल शहजाद्याला निरोप धाडला, की या. मोगल आले, आणि बोलावणाऱ्यालाच घाम फुटला. दार तर उघडून बसला होता, आता लावतो कसं?

इथवर दोघांचं एकमत. पुढं कारण काय, ह्यावर आमच्या घरात चहाच्या कपांचे कान तुटलेत. नवऱ्याचं म्हणणं, दरबारातली गटबाजी पिढ्यान्‌पिढ्यांची होती, ती कधीतरी फुटायचीच, आणि वजीर सरळसरळ फितूर. भाऊ म्हणायचा, "गट तर आधीबी हुते की दाजी. तेव्हा का न्हाई फुटलं? सुलतान पडला आन्‌ कुनाचा कुनावर भरवसा राह्यला न्हाई. समोरचा दार लावायच्या आत आपन लावू, असं ज्याला त्याला वाटलं. वजीर फितूर नव्हता, भेदरलेला हुता."

"भीतीला पुरावा काय, मास्तर?"

"फितुरीला काय हाय?"

मग नवरा कपाटाकडं धावायचा, भाऊ चष्मा पुसायचा, आणि मी पोळ्या झाकून ठेवायची. मला दोघांचंही पटायचं नाही. मला आपलं वाटायचं, त्या दरबारात एक तरी बाई सह्या जुळवायला बसवली असती तर तो उचलून आणलेला मुलगा पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

पण भांडत असले तरी रविवारी दोघं एकाच स्कूटरवर बसून निघायचे. कुठल्या वेशीवर, कुठल्या बारवेच्या भिंतीत, कुठल्या पडक्या मशिदीच्या दारावर दगडात लेख कोरलेला असायचा, त्याचा ठसा घ्यायला. दगड स्वच्छ धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवायचा, मग वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. बाकीचा कागद काळा होतो आणि त्यातून पांढरी अक्षरं उमटतात. एकट्याचं ते काम नाही. एकानं कागद धरायचा, दुसऱ्यानं ठोकायचं, आणि वारा सुटला की दोघांनी मिळून कागदाला अंगानं दाबून धरायचं. संध्याकाळी परत यायचे तेव्हा दोघांची नाकं काळी असायची. अशा ठशांच्या गुंडाळ्या माझ्या पाहुण्यांच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या होत्या. त्या खोलीत पाहुणा कधी झोपलाच नाही.

आठ-दहा जणांचं एक इतिहास मंडळही ह्यांनी काढलेलं. गेल्या वर्षी मंडळानं ठरवलं, जिल्ह्याच्या इतिहासाचं पुस्तक करायचं. बाकीची प्रकरणं चट्कन वाटली गेली. यादवीचं प्रकरण अडलं. ते लिहायचं कुणी, नवऱ्यानं की भावानं? तेव्हा भावानंच तोड काढली. दसऱ्याआधी एक चर्चासत्र घेऊ, दोघंही आपापली बाजू मांडू, आणि मंडळातली माणसं सांगतील कुणाचं घ्यायचं ते. फक्त एक अट. बाहेरचा कुणी बोलवायचा नाही. आपलं भांडण आहे, आपणच मिटवायचं. नवऱ्यानं सगळ्यांसमोर मान डोलावली. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते.

आणि त्यानंतर दोन दिवसांत नवरा गच्चीवर जाऊन फोनवर बोलायला लागला.

जो माणूस बँकेचा ओटीपीसुद्धा सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा वाचतो, तो गच्चीवर! माझ्या मनात पाल चुकचुकली. मी वाळवणाचं निमित्त करून वर गेले, तर "हो हो, ठेवतो" म्हणून फोन खिशात. विचारलं, कोण होतं? म्हणे, चिटणीस. मंडळाचे चिटणीस म्हणजे मिशीत बोलणारा एक गृहस्थ. तो इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करण्यात पटाईत. तोच नवऱ्याच्या कानाशी लागलाय हे कळायला मला कुठलं कागदपत्र लागलं नाही.

भावाचंही काही सरळ दिसेना. एरवी तो फोन करतो तो आधी मला, मग दाजींना. त्या महिन्यात फोन आला की पहिला प्रश्न, "आक्का, दाजींकडं कोन येऊन गेलं काय?"

"कोण यायचंय?"

"न्हाई, सहज."

सहज! आमच्या घराण्यात सहज कुणी काही विचारत नाही. मी म्हटलं, "अरे, तुमचं दोघांचं काय चाललंय? कुठं पाणी मुरतंय ते मला सांग." तर हसला आणि बाजरीवर बोलायला लागला. बाजरी कशी आलीय हे मला त्या दिवशी फारच सविस्तर कळलं.

चर्चासत्राच्या दिवशी सकाळी नवरा खिडकीशी उभा. भाऊ पाथर्डीहून वडापच्या जीपनं आला. जीप गच्च भरलेली, मागच्या फळीवरसुद्धा माणसं लोंबकळत होती. नवऱ्याचा चेहरा पडला. "बघ, बघ! माणसं घेऊन आलाय टाळ्या वाजवायला." मी बघितलं. जीप थांबली, भाऊ एक पिशवी घेऊन उतरला, आणि जीप बाकीच्या सगळ्यांना घेऊन बाजाराच्या दिशेनं निघून गेली. कुणाला बांगड्या घ्यायच्या होत्या, कुणाला पत्रे. नवरा म्हणाला, "मागनं येतील." मी म्हटलं, "मला संशयी म्हणता ना?" त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हॉल तसा भरला. नगरातल्या असल्या कार्यक्रमांत वक्ता उभा राहिला की शेजारचा पहिल्यांदा विचारतो, "कुठले हो हे?" गाव कळलं, आडनाव कळलं, की मत आपोआप कळलं असं धरून चालतात. दक्खनी सरदारांबद्दल बरं बोलला की अमक्यांचा, वाईट बोलला की तमक्यांचा. माझ्या मागच्या दोघांनी तर नवऱ्याचं भाषण सुरू व्हायच्या आतच त्याची सगळी मतं एकमेकांना सांगून टाकली. मी मागं वळून बघितलं तेव्हा गप्प झाले.

नवरा बोलला, चांगला बोलला. भाऊही बोलला, थोडा अडखळला, पण लोक पुढं सरकून ऐकायला लागले. मी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या, आणि दोघांनीही मी दुसऱ्यासाठी जास्त जोरात वाजवल्या का ते बघितलं.

आता मंडळातल्या माणसांनी बोलायचं, एवढ्यात दारात गाडी थांबली. पांढरी, लांबलचक, पुण्याच्या नंबरची. चिटणीस धावत खाली गेले. हॉलमध्ये जे गृहस्थ आले त्यांना फोटोंतून सगळे ओळखत होते. ते एका मोठ्या संस्थेतले मोठे अभ्यासक. त्यांच्यासाठी शाल-श्रीफळ आधीच टेबलाखाली तयार होतं. ते मी बघितलं. भावानंही बघितलं.

साहेब मंचावर मधल्या खुर्चीत बसले. छान बोलले, अगदी तुपात घोळून. म्हणाले, दोन्ही मांडण्या आपापल्या जागी मोलाच्या आहेत, परंतु कोणत्याही यादवीची कारणं अनेक आणि गुंतागुंतीची असतात. एवढं सांगायला डिझेल जाळून यायचं! मग म्हणाले, हे प्रकरण स्थानिक पातळीवर न लिहिता त्यांच्या संस्थेनं लिहावं हे उत्तम, आणि इतके दुर्मिळ ठसे घरगुती खोलीत धूळ खात पडणं बरं नव्हे, ते जतनासाठी पुण्याला न्यावेत. चिटणीसांनी टाळ्या सुरू केल्या. एकदा टाळ्या सुरू झाल्या की आपल्याकडं कोण थांबतंय?

कार्यक्रम संपल्यावर चिटणीस दोन पोरं घेऊन आमच्या घरी आले. माझ्या पाहुण्यांच्या खोलीतून गुंडाळ्या निघाल्या आणि त्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत गेल्या. डिकी भरल्यावर मागच्या सीटवर रचल्या. नवरा फाटकाशी उभा होता, हात मागं बांधून. भाऊ रस्त्याच्या पलीकडं उभा होता. गाडी गेल्यावर तो इकडं आला आणि शांतपणे म्हणाला, "दाजी, दार कुनी उघडलं?"

नवरा म्हणाला, "मी कसं सांगणार? तुम्हीच विचार करा, मास्तर."

मी ताटं वाढली होती. भाऊ जेवला नाही. पिशवी उचलली आणि स्टँडकडं चालायला लागला. मी मागनं हाका मारत कोपऱ्यापर्यंत गेले. त्यानं फक्त हात वर केला.

त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती मला सोसेना. नवरा म्हणायचा, "तुझा भाऊ दिसतो तितका साधा नाही. त्यानंच बोलावलं असणार, मला हरवायला." बोलताना डोळे माझ्याकडं नाहीत, वर्तमानपत्रात, आणि ते वर्तमानपत्र कालचं. मी म्हटलं, असं का? आणि गप्प बसले. रविवारी तो एकटाच स्कूटर काढून भिंगारच्या बाजूला एका दगडावर गेला. परत आला तेव्हा कागद फाटलेला. नाक मात्र काळं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "कागद कोण धरणार होतं?" तो तोंड धुवायला गेला.

दिवाळी आली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, आणि नवऱ्यानं ताटात काहीतरी घालायचं असतं. नवरा पाटावर बसला, टोपी घातली, खिशात आधीच पाकीट तयार. मी निरांजन लावलं, ताट हातात घेतलं, आणि ओवाळायच्या आधी थांबले.

"पाकीट ठेवा खिशात. मला दुसरं पाहिजे."

"काय?"

"पुण्याच्या साहेबांना कुणी बोलावलं ते घाला ताटात."

निरांजनाच्या उजेडात त्याचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. त्यानं ताटातली सुपारी सरळ केली. मग म्हणाला, "मी."

चिटणिसानं त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की मेहुणा जीपा भरून माणसं आणणार, मंडळ वळवणार, तुम्ही आयुष्यभर शिकवलं आणि शेवटी तुमचाच विद्यार्थी तुम्हाला खाली बसवणार. "मला वाटलं, एखादा मोठा माणूस मध्ये असला तर माझं पारडं निदान हलकं तरी पडणार नाही. ठसे नेतील असं स्वप्नातसुद्धा आलं नाही गं."

मला असा संताप आला! "अहो, आयुष्यभर त्या वजिराला फितूर म्हणत आलात! आणि स्वतः काय केलंत?"

"मी भ्यालो," तो म्हणाला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी ओवाळलं. काय करणार? सणाचा दिवस होता. पण वर सांगितलं, "उद्या तो आला की त्याच्या तोंडावर सांगायचं. मला मध्ये घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन. "आक्का, औंदा जमत न्हाई बघ. तोडीला जानारी मानसं निघाल्यात, त्यांची पोरं हितं वसतिगृहात घालायचीत. लई गडबड हाय."

दिवाळी सरता सरता आमच्या तालुक्यातली निम्मी गावं ऊसतोडीला निघतात, हे खरं. पण तो कधी त्याच्यापायी भाऊबीज चुकवत नव्हता. मी म्हटलं, "चंद्राला ओवाळू का मग?" भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. मी फोन ठेवला, ताट, निरांजन, करंज्यांचा डबा पिशवीत भरला, आणि नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढा."

"आज?"

"आत्ता."

करंजी घाट चढेपर्यंत नवरा काय बोलायचं त्याची तयारी करत होता. ओठ हलताना दिसत होते. वर्गात जाण्याआधी असेच हलायचे. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. समोरून भरलेले ट्रॅक्टर येत होते. त्यांवर पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, गोधड्या, आणि सगळ्यात वर बसलेली बाया-माणसं.

भाऊ अंगणातच होता. आम्हाला बघून उभा राहिला, पण पुढं आला नाही. भावजय लगबगीनं पाणी घेऊन आली, "वन्सं, या या," म्हणाली, आणि तिनंच पाट मांडला. भाऊ मुकाट्यानं बसला. नवरा समोरच्या खुर्चीत. मी निरांजन लावलं.

भाऊ म्हणाला, "ओवाळनी काय घालू आक्का?"

"खरं काय ते घाल. त्या साहेबांना कुणी बोलावलं?"

मी हे नवऱ्यासाठी विचारलं होतं, भावासाठी नव्हे. आता तरी नवऱ्यानं तोंड उघडावं म्हणून. मी त्याच्याकडं बघितलं. घाटात एवढी तयारी करून आता तोंडातून शब्द नाही. माझं ताट जड व्हायला लागलं. आणि तेवढ्यात भाऊ म्हणाला, "मीच बोलावलं."

नवऱ्यानं खाड्‌कन वर बघितलं.

"व्हय दाजी. तुमच्यापुढं आपला निभाव लागायचा न्हाई असं वाटलं. म्हनून फोन केला त्यान्ला. चूक झाली."

एवढं ऐकल्यावर नवऱ्याला कुठून बळ आलं कोण जाणे. उठून उभाच राहिला. "अहो मास्तर, तुम्ही कुठलं? मी बोलावलं! गच्चीवरनं फोन केला मी. हिला विचारा. आणि वर तुमच्यावरच ढकललं."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग भाऊ म्हणाला, "म्हंजे दोघांनीबी बोलावलं म्हना की!" आणि हसायला लागला. नवराही हसायला लागला, हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्यानं भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की अक्षता सांडल्या. त्या चिटणिसाच्या नावानं दोघांनी मिळून जे काही म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. पुढच्याच आठवड्यात पुण्याला जायचं आणि ठसे मागून आणायचे, दिले नाहीत तर दारात बसायचं, असंही ठरलं. मी ओवाळलं. मला इतकं हलकं वाटलं की दोन करंज्या मीच खाल्ल्या.

पण खोड ती खोड. आवाज भावाचा होता, शब्द भावाचे होते, तरी सही जुळत नव्हती. माझा भाऊ चूक कबूल करताना आधी कान खाजवतो, मग इकडचं तिकडचं बोलतो, मग मुद्द्यावर येतो. लहानपणी आईची बरणी फोडली तेव्हाही तसंच. आज त्यानं एका दमात सांगितलं होतं.

स्वयंपाकघरात भावजय खीर ढवळत होती. मी सहज म्हणून म्हटलं, आमच्या घराण्यातलं सहज, "ह्यानं पुण्याला फोन कधी केला गं?"

"ह्यांनी?" तिनं मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "ह्ये कुठला करत्यात वन्सं? फोन तर तिकडनंच आल्ता. त्ये सायेब इचारत हुते, तुमच्या दाजींनी बोलावलंय, तुमची हरकत न्हाई ना म्हनून. आधीच आल्ता, सभेच्या लई आधी. ह्ये म्हनले, दाजींनी बोलावलं आसंल तर या. आन्‌ मंग रोज वाट बघत बसले, दाजी कधी सांगत्यात म्हनून."

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं! 'दाजींकडं कोन येऊन गेलं काय' हे काही उगाच नव्हतं. गाडी गेल्यावर रस्ता ओलांडून येऊन 'दार कुनी उघडलं' विचारलं तेही उत्तर माहीत असताना. त्याला दाजींच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि दाजींनी वर त्यालाच विचार करायला सांगितलं. आणि आज, मी ताट घेऊन त्याच्या दारात आल्यावर, त्यानं ताटात खोटं घातलं. माझ्यासाठी. ज्याचा शब्द घशाशी अडकलाय त्याला तोंड उघडता यावं म्हणून.

मी खिरीत वेलदोडा टाकला आणि भावजयीला म्हटलं, "हे कुणापाशी बोलू नकोस." ती म्हणाली, "मी न्हाई काय बोलले." मग मला वाटलं, हीच तर खोटं बोलत नसेल? पण तिची सही मी ओळखते. ती जुळत होती.

परतीच्या वाटेवर नवरा आनंदानं नुसता उतू जात होता. घाट उतरायच्या आधी त्यानं गाडी बाजूला घेतली. "अगं, तुझ्या लक्षात येतंय का? आम्ही इतकी वर्षं एकाच वजिराला धरून बसलो. पण समजा, दोन्ही बाजूंनी निरोप गेले असतील तर? दोघांनी एकमेकांना चोरून, एकाच बाहेरच्या माणसाला बोलावलं, आणि दोघंही समोरच्याला फितूर म्हणत बसले! मास्तरांची भीती आणि माझी गटबाजी, दोन्ही त्यात बसतात. प्रकरण आम्ही दोघं मिळून लिहू. आणि हे नुसतं तर्काचं नाही, माणूस असं करतो ह्याचा जिवंत पुरावा आज आपण डोळ्यांनी बघितला. तुला काय वाटतं? तू तर कशावरच विश्वास ठेवत नाहीस. खरं सांग."

त्याचा चेहरा इतका उजळला होता. मी खिडकीची काच खाली केली, वर केली.

"पटतंय," मी म्हणाले.

घरी पोचून दिवा लावते न लावते तोच भावाचा फोन. आधी मला.

"पोचला का आक्का? दाजी काय म्हनत्यात?"

"म्हणतात, पुरावा भक्कम आहे. दोन्ही बाजूंनी निरोप गेले होते."

तो हसला. मग विचारलं, "आन्‌ तू काय म्हनलीस?"

"मला पटलं म्हटलं."

मागं त्याच्या अंगणात बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो हळूच म्हणाला, "तुला कवा कुनाचं पटलंय गं आक्का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आतून नवऱ्यानं हाक मारली, मास्तरांचा फोन असेल तर इकडं दे. मी फोन देणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "फुडल्या बिजेला मीच येतो. चंद्राला ओवाळू नको."